शमीमबाईंचा पत्र्याचा डबा

शमीमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरीला पडवीत लसूण सोलत होते. त्यांचा मुलगा जावेद पुण्याहून बोलत होता. "मावशी, अम्मी गेली." मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली... आता हा विचारणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? त्यानं विचारलं नाही. महिना उलटून गेला, अजून विचारलेलं नाही.

बाई जुन्नरला घरी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायच्या. माझ्या नातीला, सोनलला, एसटीनं तिथं न्यायचं आणि तासभर उंबऱ्याशी बसायचं हे माझं काम. मी चौथी शिकलेली, पण कान उघडे होते. बाई क्रियापदं खेळातून शिकवायच्या. हातापायांच्या क्रियापदांच्या चिठ्ठ्या परडीत, मनाच्या क्रियापदांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. परडीतून 'रन' निघालं की पोरं धावत सुटायची. डब्यातून 'थिंक' नाहीतर 'रिमेंबर' निघालं की गप्प बसून खरंच विचार करायचा, खरंच आठवायचं, आणि मग काय आठवलं ते सांगायचं. एकदा मी मध्येच बोलले, "बाई, ही आठवतीय का नुसतीच बसलीय, तुमाला काय कळतंय?" बाई हसल्या. "नाही कळत. म्हणून तर हा डबा अवघड. ये सुभद्रा, तूच काढ एक." मला 'फिअर' निघालं, म्हणजे भिणं. मी म्हणाले, "मी कुणाला भीत न्हाई. उसात बिबट्या असला तरी वैरणीला जाती." बाई म्हणाल्या, "खोटं. बाद!" पोरं खिदळली.

तिथून आमचं जमलं. सोनल कॉलेजला गेली तरी मी दर बाजाराला त्यांच्याकडे जायची. दोन वर्षांपूर्वी अशीच गेले, तर बाईंनी माझ्या चहात तीनदा साखर घातली. मग तो डबा माझ्यापुढे ठेवला. "मला काहीतरी होतंय, सुभद्रा. दर बाजाराला यातली एक चिठ्ठी काढून मला देत जा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी जावेदला सांग. मी स्वतः लपवीन. तू फटकळ आहेस, तू सांगशील."

पहिलं वर्ष बरं गेलं. बाईंचे वडील हातानं कागद करायचे, त्या ओल्या लगद्याचा वास त्या अगदी नाकाला येईल असा सांगायच्या. मग एका बाजाराला 'रिमेंबर' निघालं. बाई बसल्या. मी थांबले. चहावर साय धरली... शेवटी माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" आयुष्यात पहिल्यांदा त्या मला तुम्ही म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जावेदचा फोन आला. "अम्मी बरी आहे ना, मावशी?" मी म्हणाले, "बरीय की रं. लई बोलली." खरं सांगितलं असतं तर त्यानं त्यांना पुण्याला नेलं असतं आणि बाजाराच्या दिवशी मला कुठंच जायचं राहिलं नसतं. एवढंच कारण. सहा महिने मी खोटं बोलले. एका उन्हाळी दुपारी बाई अनवाणी घराबाहेर पडल्या. एसटी स्टँडवर सापडल्या, तळपाय पोळलेले. जावेद त्यांना घेऊन गेला. त्या अंथरुणातून परत उठल्या नाहीत.

जुन्नरचं घर आवरायला आला तेव्हा जावेदनं डबा मला आणून दिला. "अम्मी हातातून सोडत नव्हती." तो आता माझ्या फडताळात आहे. गेल्या आठवड्यात लोणीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं नाव मला तासभर आठवलं नाही. काल डब्यातून 'फिअर' निघालं, ती चिठ्ठी मला बघूनच ओळखू येते. नुसती बसले, काही करावं लागलं नाही.

मग सोनलला फोन लावला. "दर रविवारी फोनवर मला बाईंच्या डब्यातली एक चिठ्ठी विचारायची. जमलं न्हाई तर तुज्या बापाला सांगायचं. मी पाया पडले तरी सांगायचं."

"काय गं आजी, काहीतरीच!"

"सांगशील का न्हाई?"

"सांगेन की," ती लगेच म्हणाली. गोड आवाजात. जावेदशी मी अगदी त्याच आवाजात बोलत होते.