आऊट झाल्यावर कसं चालावं

अमिरातीतल्या फुजैराला शुक्रवारी सकाळी आम्ही बंदरामागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळायचो. तिथे एक म्हातारा अमेरिकन खुर्ची टाकून बसे आणि आऊट होणाऱ्यालाच टाळ्या वाजवी. तरुणपणी तो त्याच्या मुलखात बेसबॉलचा नावाजलेला खेळाडू होता म्हणे. एकदा आग्रहानं त्याला बॅट दिली. त्यानं चेंडू उंच टोलवला, बॅट फेकली आणि बेसबॉलच्या सवयीनं थेट कव्हरच्या खेळाडूकडे धावत सुटला. तो बिचारा घाबरून पळाला.

त्या आठवड्यात मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हा नापास झालो होतो. लायसन्सशिवाय माझी सेल्सची नोकरी टिकणार नव्हती. माझा पडलेला चेहरा बघून म्हाताऱ्यानं चौकशी केली. सगळं ऐकून त्यानं टोपी मागे सरकवली.

"आमच्या खेळात दहातल्या सात वेळा फुकट जाणाऱ्याला थोर म्हणतात," तो म्हणाला. "मी थोर होतो. फक्त एक पाळायचो. आऊट झाल्यावर कधी घाईनं चाललो नाही."

पुढच्या टेस्टला परीक्षा घेणाऱ्या पोलिसानं पहिल्याच चौकात "खलास!" म्हणून गाडी थांबवायला लावली. मी आरशात बघून भांग सारखा केला, सावकाश उतरलो आणि तसाच रुबाबात घरापर्यंत चालत आलो.

बायकोनं गॅलरीतून मला येताना पाहिलं होतं. मी जिना चढेपर्यंत तिनं शेजारी दोन घरी शिरा पोचवला होता.

"चालण्यावरूनच कळलं मला!" ती म्हणाली.

त्या शिऱ्याची लाज राखायला पुढच्या वेळी मला पास व्हावंच लागलं.