गल्लीला सांगितलं, लेकीला नाही

औषधांच्या दुकानातल्या मावशींना लाज कशाशी खातात ते ठाऊक नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. बावीस वर्षं काउंटरमागे काढलेली बाई. लग्न ठरलेली एखादी मुलगी इकडेतिकडे बघत दुखण्याची गोळी मागू लागली, की मावशींना कारण सांगावं लागत नसे. गोळी परत कपाटात जायची आणि मुलगी आतल्या स्टुलावर बसायची. मग मावशी सुरू: पहिल्या रात्री घाई करायची नाही. आधी मन तयार होऊ दे, अंग सैल होऊ दे. कोरडं वाटलं तर ही जेलची ट्यूब. दुखलं की थांबायचं, आणि तसं तोंडाने सांगायचं. रक्त आलंच पाहिजे असं काही नाही. दुखणं सरलंच नाही तर सरळ डॉक्टरीणबाईंकडे. सोबतची आत्या ‘आम्ही नाही का सोसलं’ म्हणाली, तर तिला मावशी विचारायच्या, मग बक्षीस काय मिळालं हो?

अशा बाईने स्वतःची लेक उजवली आणि तेव्हा मात्र तोंडात मिठाची गुळणी! शिकलेली पोर आहे, तिचं तिला कळेल, म्हणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लग्नानंतर दहाव्या दिवशी, भरदुपारी, लेक दुकानात आली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने दुखण्याची गोळी मागितली. डोकं दुखतंय का, असं मावशींनी विचारलं. विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

डोकं नाही, लेक म्हणाली. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जीव गेला दुखून. आता त्याने नुसता हात धरला तरी धडकी भरते. मावशींची तळपायाची आग मस्तकात गेली.

"जबरदस्ती केली त्याने?"

"नाही गं. मी थांब म्हटलं, तो थांबला. त्यालाही कुठे काय कळतंय? म्हणाला, तुझी आई सगळ्यांना सांगते, तुला काय सांगितलंय? मी म्हटलं, काहीच नाही. त्याला खोटंच वाटलं."

मावशींनी शटर अर्धं ओढलं. लेकीला स्टुलावर बसवलं. तोंड उघडलं, पण रोजचं तोंडपाठ वाक्यही फुटेना. कान लाल झाले, हात उगाच कपाटातल्या बाटल्या सरळ करू लागले.



"आई, मी गिऱ्हाईक आहे असं समज," लेक म्हणाली. "मग तरी बोलशील."