गुंड्याचं वय मी दोन महिन्यांनी वाढवलं

दोन रविवारांपूर्वी मी आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचं वय खोटं सांगितलं... तेही एका रिटायर्ड सुभेदारांना. सगळं सांगते, पण हसायचं नाही.

म्हसवडला माझ्या सासूबाईंचे भाऊ मेंढरं राखतात. त्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झाली. एक आम्ही साताऱ्याला आणलं, तो गुंड्या. दुसरं माझ्या नणंदेनं, सुनीताताईंनी सांगलीला नेलं, त्याचं नाव ऑस्कर. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं.

पण तीन महिने होतायत न होतायत, तोच फॅमिली ग्रुपवर ऑस्करचे व्हिडिओ सुरू झाले. ऑस्कर बसतोय, ऑस्कर शेकहँड करतोय... ताई 'स्टे' म्हणाल्या की नाकासमोर बिस्किट असून जागचा हलत नाही. माझ्या नवऱ्यानंही कौतुकानं हार्ट टाकले, आणि आमचं पात्र नेमकं तेव्हा त्याचीच चप्पल खात होतं.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. लय दुखलं! अकरा वर्षं ऐकतेय... ताईंच्या पुरणपोळ्या मऊ, ताईंची मुलं पहिल्या नंबरात. आता कुत्रंसुद्धा त्यांचंच हुशार? एका आईची पिल्लं आहेत हो ही. मग कमी कोण पडतंय? मीच ना.

त्या तिरीमिरीत मी ग्रुपवर लिहून टाकलं, "रविवारपासून गुंड्याचा प्रोफेशनल ट्रेनिंग क्लास." आणि क्लासची चौकशी केली त्यानंतर! त्यांचा नियम असा, की पिल्लू चार महिने पूर्ण झालेलं हवं आणि लसीचे तिन्ही डोस झालेले हवेत. गुंड्या सव्वातीन महिन्यांचा, तिसरा डोस बाकी. पण ग्रुपवर ताईंचं "अगंबाई! व्हिडिओ टाक हं" येऊन पडलं होतं. आता माघार कोण घेणार?

गेले. क्लास घेणारे सुभेदार मैदानाच्या फाटकातच उभे होते. त्यांनी वय विचारलं, मी म्हटलं पाच महिने. डोस विचारले, म्हटलं सगळे झाले... कार्ड तेवढं घरी राहिलं.

त्यांनी माझ्या कडेवरच्या गुंड्याचा ओठ हळूच वर केला. "मॅडम, पाच महिन्याला पुढचे दुधाचे दात पडून नवीन आल्याले असत्यात. ह्याचा एक बी हलला न्हाई अजून."

कानशिलं नुसती तापली. बाजूला दोन बायका आपापले लॅब्रॅडॉर घेऊन ऐकत होत्या.

"हितं रोज पंधरा-वीस कुत्री येत्यात," ते म्हणाले. "माझं पयलं पिल्लू मी असंच घाईनं आणलं हुतं या ग्राउंडवर. एक डोस ऱ्हायला हुता. हितनंच पार्वोची लागण झाली, चार दिवसांत गेलं. ह्याला खाली ठेवू नका. तसंच घरी न्या."

आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी, म्हणून जास्तच लागलं. गुंड्याला खाली सोडायला मी वाकणारच होते हो... रिक्षात रडू आवरेना. एका व्हिडिओसाठी या जिवाला मी कुठे घेऊन निघाले होते!

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि सरळ म्हसवडला मामांना फोन लावून माझ्या हातात दिला. मामा आधी पोटभर हसले.

"आवं सूनबाई, आमी पिल्लाला बस-ऊठ कवा शिकवतोय? आदी नुसतं संगं फिरू द्यायाचं. मग एक दिस हाक न मारता उठायचं आन् चालाय लागायचं. तोंडातलं टाकून मागं आलं, की समजायचं, आता हे शिकंल. न्हाई आलं, तर त्याचं अजून तुमच्यावर मन बसलं न्हाई."

संध्याकाळी अंगणात करून बघितलं. गुंड्या भाकरीचा तुकडा चघळत होता. मी उठले, चालायला लागले... साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही.

तेवढ्यात सासूबाई दोरीवरचे कपडे काढायला उठल्या. तुकडा तिथंच टाकून हा त्यांच्या मागे! सांगलीवर जळणं एक वेळ परवडलं, इथं तर घरातच आग लागली.

चिडून विचारलं, तुम्ही याला करता तरी काय? तर म्हणतात, "काय करायचंय? मी शेंगा फोडत बसती, त्यो येऊन पायावर निजतोय. तू आलीस की बोट नाचवून सिट सिट करतीस. भितंय गं ते तुला."

भितंय... मला! ताईंना दाखवायच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून सिट बंद. रोज नुसती अंगणात फतकल मारून बसायचे, शेंगा फोडायचे. पहिले तीन दिवस तो लांबूनच बघायचा. चौथ्या दिवशी येऊन माझ्या पायाला टेकून झोपला. मधे तिसरा डोसही झाला. सुभेदारांना फोन करून खरं वय सांगितलं, चार महिने भरले की या म्हणाले. ग्रुपवरही खरं काय ते लिहिलं. ताईंनी धीर दिला, आणि पाठोपाठ ऑस्करचा नवा व्हिडिओ. खरंच हुशार आहे तो. जळतेय मी अजून, काय करू?

आज सकाळी अंगणातून चहा ठेवायला उठले. हाक नाही, बिस्किट नाही. चार पावलं गेले आणि मागे नखांची टकटक ऐकू आली. हाडूक अंगणात टाकून गुंड्या माझ्या मागे! खात्री करायला घराला दोन चकरा मारल्या. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, हे मुद्दाम लिहितेय.

सुभेदार, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. त्या दिवशी माझं खोटं मानून तुम्ही फाटक उघडलं असतं, तर आज उठल्यावर माझ्या मागे यायला कदाचित कुणीच नसतं.