करडईच्या काट्यांतून

घाण्यावरून आणलेल्या करडईच्या तेलाचं झाकण आत्ता उघडलं आणि वास येताच मी थेट वळसंगच्या रानात पोचले, पन्नासेक वर्षं मागं.

सोलापूरच्या एका सुधारगृहातल्या मुलींचं शिबिर होतं आणि मी त्यांच्यावर नेमलेली ताई, वय वर्षं वीस. मोकळ्या रानात राहून पोरी निवळतात, असं मोठ्या बाई म्हणायच्या. पण एखादी पळाली, तर तिला उरलेलं वर्ष कुलपातच. मी मात्र निवांत होते, कारण ज्वारीभोवती काटेरी करडई पेरलेली होती. जिथं गुरं शिरत नाहीत, तिथून पोरी कुठं जाणार?

आणि भर दुपारी शांता गायब. सगळीकडं शोधलं, हाका मारल्या, मग बांधावर बसून मी चक्क रडले. तासाभरानं करडईतूनच ती बाहेर आली, पोटऱ्या ओरखड्यांनी लाल झालेल्या.

"कुठं गेली होतीस गं?"

"सडकंला. यष्टी थांबली व्हती की."

"मग?"

"कंडक्टरनं इचारलं, कुटं जायचंय. मला सांगताच येईना."

"अगं, येताना तरी बांधावरून यायचं."

"बांधावर तुमी रडत व्हता की, ताई."

मी तिचे काटे काढत बसले. संध्याकाळी बाईंनी वही उघडून विचारलं, "कुणी पळालं?"

"नाही बाई," मी म्हणाले.

ते खोटं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.