फिनलंडची गळती आणि आमची

अन्याय झाला तो चौथीतल्या एका मुलीवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या हजेरीला. आणि मी, गावातला एकमेव पत्रकबाज, त्याच वेळी शेजारच्या खोलीत सत्कार घेत होतो.

सुट्टीत मी एक पत्रक काढलं होतं, 'आपली जिल्हा परिषद शाळा आणि फिनलंडची शाळा'. दोन रकाने. डावीकडे आपला कलंक, उजवीकडे त्यांचा आदर्श. शेवगावला पिवळ्या कागदावर छापून आणलं, उद्गारचिन्हं सढळ हातानं. फिनलंड मी पाहिलेलं नाही. जामखेडच्या पुढंही फारसा गेलेलो नाही. म्हणून काय पत्रकं काढायची नाहीत? शेवटची ओळ ठळक होती: 'तिकडे गळती नाही! आपल्या शाळेची गळती ताबडतोब थांबवा!!'

गळती म्हणजे मध्येच शाळा सोडणारी पोरं. सरकारी कागदात असंच लिहितात. सरपंचांनी पत्रक वाचलं, शाळेच्या छपराकडं पाहिलं आणि आठ दिवसांत नवे पत्रे ठोकले.

त्याचाच सत्कार. "पोरानं गावाचं नाव काढलं!" सरपंच गरजले. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात पेढा घातला.

तेवढ्यात ती दारात आली. "दादा, गुर्जींनी माजं बी नाव काढलं."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

तिचे आईबाप ऊसतोडीला देवळाली प्रवराकडं गेलेले. दरवर्षी ही पण जायची. या वर्षी पहिल्यांदाच शाळेसाठी हट्ट करून चुलतीकडं राहिली होती. गुरुजींनी मात्र तोडीला जाणाऱ्या घरांतली सगळी पोरं सुट्टीआधीच पटावरून उडवली होती. एका रेघेत.

"गुरुजी, अहो, ही समोर उभी आहे!"

"उभी आहे, पण पटावर नाही." गुरुजींनी मलाही शिकवलंय, त्यामुळं आवाज तोच, पाढे म्हणायला लावणारा. "आणि तुझ्याच पत्रकात आहे ना, गळती नको म्हणून? पटावर नावच नसलं तर गळणार कोण?"

मी चिडून तिच्या चुलतीकडं गेलो. तिचा हिशेब आणखी सरळ होता. "शनवारी टेम्पो जातोय तिकडं. तवर नाव लागलं तर ऱ्हाईल, न्हाईतर देते बसवून. बिननावाची पोर शाळंत बसवून काय करू?"

"काकू, फिनलंडात असं चालत नाही!"

"तिकडं ऊस हाय का?"

"नाही."

"मग आईबाप घरीच ऱ्हात आसत्याल. पोरगी शाळंत न्हाई जायची तर जाईल कुठं? त्यात शाळंचं लई काय मोठं?"

माझा अख्खा उजवा रकाना तिथंच कोसळला. दीड हजार प्रती छापल्या होत्या, आणि ही बाई एका प्रश्नात उरकून मोकळी.

मंगळवारपासून मी रोज साडेदहाला वर्गाच्या दारात उभा. हजेरी संपली की ती मोठ्यानं म्हणायची, "आन् मी!" गुरुजी ऐकलं न ऐकलं करायचे. तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग ओरडला, "आन् ती!" नव्या पत्र्यांखाली आवाज असा घुमला की सरपंच धावत आले, त्यांना वाटलं, पत्रे पडले.

शुक्रवारी गुरुजींनी नाव लिहिलं. सगळ्यात खाली. पेन्सिलीनं.

"आईबाप न्यायला आले तर खोडायला बरं," म्हणाले.

टेम्पो तिच्याविना गेला. पण ती मला विचारत होती, "दादा, फिनलंडात पेनानं लिवत्यात का?"

मला ठाऊक नाही. पत्रकात तेवढंच राहून गेलं होतं.

तुम्ही हे वाचताय ना? मग उद्या साडेदहाला तुमच्या गावच्या शाळेत जा आणि हजेरी मागा. तोडीला गेलेल्या घरातलं एक जरी पोर गावात राहिलं असेल, तर त्याचं नाव शोधा. नसेल तर तुमच्यासमोर लिहून घ्या. पेन घरून न्या.