पोट उघडण्याचा कौल

इब्रामपूरच्या आमच्या घरामागच्या डोंगरावर तेव्हा काजू मोहरला होता. त्या वासात दिवस नुसते तरंगत जात. मी गावच्या मराठी शाळेत शिकवायची. फळ्याकडे वळले की कशासाठी वळले तेच विसरायची, खडू हातात तसाच, आणि मुलं शहाण्यासारखी वाट बघत बसायची. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ आहे, असं तपासणीत निघालं होतं. गाठ लहान होती. मला मुळीच भीती वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते साफ खोटं होतं.

माझे यजमान सरकारी बसवर कंडक्टर. तिकिटं फाडता फाडता त्यांनी अख्ख्या पेडणे तालुक्याचे सल्ले गोळा करून आणले. ऑपरेशन दुर्बिणीतून करा, चार बारीक भोकं पाडतात, बाई लगेच घरी येते! ते त्यांना फार पटलं. पोट उघडायचं म्हटलं की ते विषयच बदलायचे. तरी निर्णय आपल्या अंगावर नको म्हणून त्यांनी गावच्या देवाला विचारलं. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"देवान उजवो प्रसाद दिल्यान गो," ते उंबऱ्यातूनच ओरडले. "दुर्बिणीचीच करूंया."

पोट माझं, आणि मला न विचारता देवाचं मत घेऊन मोकळे! पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी पणजीला जायची तयारी करायला लागले.

पणजीच्या डॉक्टरीणबाई माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायच्या. त्यांनी पाकळ्यांसकट सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, मीसुद्धा या रोगाला दुर्बीणच वापरत होते. मग लक्षात आलं की तशा ऑपरेशननंतर काहीजणींचा रोग परत येतो. गर्भाशय हलवायला खालून दांडा घालतात, तो गाठीला घासतो. आतल्या आत कापताना गाठीतले कण पोटात सांडू शकतात. ते कुठं रुजतील, सांगता येत नाही."

"सांडूच नयेत असं काही करता येत नाही?" यजमानांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"करता येतं. दांडा घालायचा नाही. कापण्याआधी खालून गाठीभोवती शिवून घ्यायचं, म्हणजे गाठ आत बंद राहते. मग सगळं अखंड, पिशवीत घालून बाहेर काढायचं. तुम्ही म्हणालात तर मी तसं करीन. पण खरं विचाराल, तर माझा विश्वास पोट उघडण्यावर जास्त आहे."

परतीच्या बसमध्ये मला पेंग येत होती. कोलवाळचा पूल आला तेव्हा नदीवर ऊन सांडलं होतं. पाणी वाहतंय की थांबलंय, कळेना. माझ्या आतही कुठंतरी ते कण असे निवांत पसरत असतील, असं वाटलं आणि माझी झोप उडाली.

"पोट उगडूनच करूंया," मी म्हटलं.

"आनी देव?"

"देवाक तुमी सांगा."

मी जरा तोडूनच बोलले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला दाखल केलं आणि हे महाशय कुठं गडप झाले, देव जाणे. मी मनातल्या मनात त्यांना खूप शिव्या घातल्या. सकाळी भुलीचं औषध शिरलं तशी मी डोंगर चढू लागले. पाय जमिनीला लागत नव्हते, वजन नव्हतं, वरून मोहर गळत होता आणि शाळेची घंटा कुठंतरी दूर, पाण्याखाली वाजत होती. परत यावंसं वाटत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई वाकून सांगत होत्या, "सगळं अखंड निघालं. काही सांडलं नाही." त्या गेल्या आणि यजमान स्टूल ओढून जवळ बसले. चेहरा पुन्हा तसाच उजळलेला.

"जनेल उगडूं?" त्यांनी खिडकीकडे हात करत विचारलं.

"काल खंय गेल्लात?"

"देवळात. म्हटलां, देवा, तुजो शब्द आमी मोडलो. कोप करूंक जाय जाल्यार म्हजेर कर, तिच्येर नाका."

"मगीर?"

"उजवो दिल्यान," ते म्हणाले आणि मोठं काम फत्ते केल्यासारखे हसले.

इतकी वर्षं ज्याच्यापुढं दिवा लावला, तो देव यांच्यावर कोपायला खुशाल कबूल झाला, म्हणून मला त्याचा भयंकर राग आला. टाके ओढत होते, तरी मी यजमानांचा हात घट्ट धरला आणि सोडेचना. त्यांना वाटलं, मला दुखतंय. ते नर्सला बोलवायला उठू लागले.