गाडी कुलपापाशी जाऊन आली

उत्कर्षा चहा गार करून पिते. कुणी 'इत्यादी' लिहिलं की विचारते, म्हणजे काय काय? कोणतंही टूल आधी चुकीचं वापरून बघते. तारखेच्या जागी नाव टाकते, नावाच्या जागी काहीच टाकत नाही. लिहिलेली ओळ मोठ्याने वाचते. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द दिसले की खोडते. फोनवर काकांशी बोलताना खुर्चीवरून उठून उभी राहते.

विश्रामबागेत आमचं ऑफिस आहे. मेंढ्यांना लस देणाऱ्या गाड्यांचं काम एक एआय एजंट बघतो. मेंढपाळ फोन करून बोलतो, एजंट ते समजून घेतो आणि हाताशी असलेल्या टूलपैकी एक वापरतो. एक टूल नोंद शोधतं, एक तारीख ठरवतं, एक गाडी पाठवतं. कोणतं टूल काय करतं आणि कधी वापरायचं, हे लिहून ठेवावं लागतं. एजंटला तेवढंच कळतं. ते लिहायचं काम उत्कर्षाचं. मी एम.ए. मराठी. तिचं लिहिलेलं तपासायला मला घेतलं.

ती माण तालुक्यातली. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे चाललेलं. आता थोडी शेतीही आहे, पण काका, आकारामतात्या, अजून दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरतात.

माघात आम्ही चाचणी घेतली. पहिला फोन तात्यांचाच. ते म्हणाले, लस द्यायचीय, गाडी पाठवा. एजंटने नोंद शोधली, तारीख दिली, गाडी पाठवली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी तात्यांचा फोन आला. उत्कर्षा उठून उभी राहिली. आवाज मलाही ऐकू येत होता.

"आगं उत्कर्षे, तुमची गाडी आपल्या दाराच्या कुलपाला लस टोचून आली म्हनं!"

"तात्या, तुमी कुटं हाय?"

"उंब्रजला. ऊस निघालेल्या रानात. माघात मेंढरं गावात कवा असत्यात गं?"

"आन् मेंढरं?"

"दोन गेली. हिरवं लय खाल्लं, पोट फुगलं. ह्या फुगीचीच लस हुती, आधी मिळाली आसती तर..."

तात्यांच्या मागून बनाकाकूचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "आवं, तिला रागावू नगासा. ती काय गाडी हाकत हुती व्हय?"

आमचे प्रमुख ऋषिराज सर म्हणाले, "एजंट चुकला."

"नाही सर," उत्कर्षा म्हणाली. "मी लिहिलं होतं, 'हे टूल मेंढपाळाच्या गावी गाडी पाठवते.' त्याने तेच केलं."

ते वाक्य मी तपासलं होतं. समासात 'सुंदर' असं लिहिलंही होतं.

ती म्हणाली, "आमच्याकडे गाव म्हणजे देव आणि रेशनकार्ड. सहा महिने आम्ही तिथे नसतो. हे मला कुणी सांगायला हवं होतं का?"

दुसऱ्या दिवशी ती उंब्रजला गेली. मीही गेले. उसाच्या पाचटावर वाघर लावली होती, म्हणजे जाळीचं कुंपण. आत मेंढरं. तात्यांकडे बटणांचा फोन, त्यावर नकाशा उघडत नाही. उत्कर्षाने विचारलं, "तात्या, तुमी कुटं बसलाय हे दुसऱ्याला कसं सांगता?"

"रान कुनाचं ते सांगायचं. रानमालकाचं नाव घेतलं की कुनीबी वाट दावतंय."

तिने तिथेच बसून लिहिलं. 'नोंदीतले गाव हा फक्त कागदावरचा पत्ता आहे. मेंढरे तिथे आहेत असे समजू नये. आज मेंढरे कोणत्या गावाच्या शिवारात, कोणाच्या रानात आहेत, हे विचारल्याशिवाय हे टूल वापरू नये. उत्तर मिळाले नाही, तर गाडी पाठवू नये, माणसाला कळवावे.' मग बनाकाकूला फोन लावायला लावला. एकदा गाव न सांगता, एकदा जुनं गाव सांगून, एकदा नुसतं 'ओढ्याच्या अंगाला' म्हणून. एजंट दर वेळी अडला आणि विचारू लागला.

बनाकाकू म्हणाली, "लय चवकश्या करतंय. पाव्हना हाय का पोलीस?"

चार दिवसांनी गाडी उंब्रजला त्या रानात पोचली. रान मोठं, म्हणून कळप अजून तिथेच होता. तात्यांच्या कळपाला लस मिळाली.

पण गाडी निघायला दोन दिवस लागतात आणि कळप एरवी तिसऱ्या दिवशी हलतो. त्यासाठी 'मुक्काम बदल' नावाचं टूल आहे, ते गाडी कळपाच्या नव्या जागी वळवतं, पण ते कधी वापरायचं हे अजून लिहायचं होतं. उत्कर्षाने तात्यांना विचारलं होतं, "परवा कुटं आसाल?"

"परवाचं परवा. ऊस कुनाचा निघतोय त्यावर."

"मंग गाडीनं कुटं यावं?"

"तिनंबी इचारत यावं की. आमी न्हाई का इचारत जात?"

सर म्हणाले, "सोमवारी सगळं सुरू करायचंय. काहीतरी लिहून टाक."

"काहीतरी लिहिलं, तर एजंट काहीतरीच करेल. ते टूल बंद ठेवा. हललेल्या कळपांना रोज सकाळी मी फोन करीन."

सर बराच वेळ बोलले. तिने ऐकून घेतलं. टूल बंद राहिलं.

'मुक्काम बदल'चं वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं होतं. मी म्हणाले, "वाक्य मी पुरं करू का?"

"अंकिता, वाक्य तुला पुरं करता येईल. माहितीच नाहीये."

आमच्याकडे एकेचाळीस कळपांची नोंद आहे. पुढचा मुक्काम कोण ठरवतं, किती आधी ठरतो, हे ती प्रत्येकाला जाऊन विचारते आहे. चौदा झाले. चौदांची उत्तरं जुळत नाहीत. आज सकाळचे फोन संपवून ती लोणंदला गेली आहे, पंधराव्याकडे. तिची फाईल माझ्यासमोर उघडी आहे. 'मुक्काम बदल' या नावाखाली एकच ओळ आहे, तीही अर्धी. 'कळप परवा कुठे असेल, हे'